धुरपताबाईंचं एक वाक्य

"व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?" सुकेशनीनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि समाजमंदिरातल्या सहाही बाया सतरंजीकडे पाहू लागल्या.

खुर्चीवर पुस्तकं रचून त्यांना टेकवलेल्या मोबाइलमधून दिल्लीचे परीक्षक बघत होते. मराठी, हिंदी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवावं, याचा अभ्यासक्रम सुकेशनीनं दोन वर्षं, भाजी निवडता निवडता, पुरा करत आणला होता. राहिला होता हा वीस मिनिटांचा पाठ. पहिल्या खेपेला ती नापास झाली, कारण सगळं तीच बोलली. शिकणाऱ्यांनी बोललं पाहिजे, असा शेरा आला होता. तिसरी संधी नव्हती. वाशीमच्या एका क्लासवाल्यानं तिच्यासाठी शिकवायची जागा धरून ठेवली होती, तीही महिनाअखेरपर्यंतच.

बाया तिच्याच गावच्या, वाशीमच्या बाजारात पालक-मेथी नेणाऱ्या. महिनाभर दुपारच्या येत होत्या. भावाचं, लेकराचं नाव खडाखडा सांगत. नवऱ्याचं वाक्य तिनं आजसाठी राखून ठेवलं होतं, नवीन काही शिकवताना दिसावं म्हणून. ती स्वतः आपल्या नवऱ्याला, स्वप्निलला, दिवसातून पन्नासदा नावानं हाक मारी. या बायांनी नवऱ्याचं नाव कधी सरळ उच्चारलेलं नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पाठाचा आराखडा आधीच दिल्लीला गेला होता. आता त्यातून हलता येत नव्हतं.

कस्तुराबाई हळूच म्हणाल्या, "उखान्यात घेतो ना व, सुके. इंग्रजी तू जोड मंग."

बाया हसल्या. परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं.

मंजू सगळ्यांत तरणी, पण तिच्या शेजारी सासू बसली होती. सुकेशनीनं स्वतःचंच वाक्य म्हणून दाखवलं, मग पुन्हा, मग पुन्हा. याही खेपेला आपण एकट्याच बोलतोय, हे तिला कळत होतं. वीस मिनिटं झाली. परीक्षक अगदी अदबीनं "थँक्यू" म्हणाले. मोबाइल काळा झाला.

ती फळा पुसायला लागली. पुसून झाला तरी पुसत राहिली.

"सुके, याच्यावर तुयी नौकरी होती काय व?" धुरपताबाईंनी विचारलं.

तिनं न वळताच मान हलवली.

"मंग आदी काहून नाई सांगतलं?"

सत्तरीच्या धुरपताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. अजूनही बँकेत, दवाखान्यात त्याचं नाव सांगायला त्या लेकाला पुढं करत. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, काळ्या मोबाइलसमोर उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या,

"माय हजबंड नेम इज उत्तमराव."

कोणी हसलं नाही. कस्तुराबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"आयकलं का व त्यायनं?"

"आयकलं, आजी," सुकेशनी म्हणाली.

धुरपताबाईंनी मान डोलवली. मग बाहेरून कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून एकदा दाराकडे पाहून घेतलं आणि चपला शोधू लागल्या.