वासावरचा स्वयंपाक

कंपाउंडर रिटायर झाले तरी नाक रिटायर झालं नव्हतं. चाळीस वर्षं दवाखान्यात बूच उघडून औषध ओळखलेला माणूस. शिजताना चाखायचं नाही, हा त्यांच्या आईचा नियम, आणि त्यांना चाखायची गरजही पडत नसे. मिठाचासुद्धा वास येतो म्हणायचे. येत नसणार, पण मीठ कधी चुकलं नाही, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

चार वर्षांपूर्वी बायको गेल्यावर घरातलं रात्रीचं जेवण त्यांच्याकडे आलं. मुलगा आणि सून सातला कामावरून दमून यायचे, साडेसातला टेबलावर गरम अन्न तयार असायचं. मागच्या अंगणात चार वाफे होते. पालक, पुदिना, कोथिंबीर, शेपू, जे हाताला लागेल त्यावर बेत ठरायचा. या कामावरच त्यांचा दिवस उभा होता. नाहीतर सकाळचा पेपर वाचून झाल्यावर करायचं काय?

दोन महिन्यांपूर्वी त्यांना सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. पुदिना चुरगळून नाकाशी धरला तरी काही नाही. मुलगा आधीच दोनदा म्हणाला होता, "बाबा, डबा लावू या का? तुमची दगदग होते." आता हे कळलं की डबा लागलाच. म्हणून त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. कांदा घड्याळ लावून परतायला लागले, मीठ चमच्याने मोजायला लागले. चाखून बघावं असं एकदा मनात आलं, पण जिभेलाही सगळं गवतासारखंच लागत होतं.

त्या दिवशी बटाट्यात शेपू घालायचा होता. सुनेने हौसेने शेजारच्याच वाफ्यात बडीशेप पेरली होती. दोन्हींची पानं सारखीच, केसांसारखी बारीक. खुडताना बोटांना लागलेल्या वासावरूनच काय तो फरक कळायचा. बाबांनी मूठभर खुडून आणलं, बारीक चिरलं, बटाट्यात घातलं.

सून पहिल्याच घासाला थांबली. "बाबा, आज बटाटे काय झालेत! अजून वाढा ना."

बाबांचा डाव हवेतच राहिला. चार वर्षांत शेपूचे बटाटे तिने दोन चमच्यांपेक्षा जास्त घेतले नव्हते.

"तुला शेपू आवडत नाही?"

"अजिबात नाही," सून म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"चार वर्षं मूग गिळून बसलीस?"

"पण हा शेपू नाहीच," सात वर्षांची नात म्हणाली. "बडीशेप आहे. आई, आता सांगू का? कालचं सूप करपलं होतं."

सुनेने डोळे वटारले, पण उशीर झाला होता. बाबांनी डाव खाली ठेवला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"महिना झाला असेल," मुलगा म्हणाला. "नासलेल्या दुधाचा चहा दिलात तेव्हा शंका आली. आणि गेल्या आठवड्यात गॅस न पेटताच चालू होता, बाबा. तुम्ही तिथेच बसून पालक निवडत होतात."

गॅसचं ऐकून बाबांनी वळून शेगडीकडे पाहिलं. महिनाभर ही तिघं करपलेलं, अळणी, कसलंही निमूट गिळत होती, आणि आपण आपल्या हुशारीवर खूश होतो. त्यांना भयंकर लाज वाटली.

"डबा लावा," ते म्हणाले आणि ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सून सहालाच घरी आली. बाबा अंगणात नुसतेच बसले होते.

"चला, पालक खुडलाय," ती म्हणाली. "स्वयंपाक तुम्ही करा, वास मी घेते. गॅस मी लावणार, बंदही माझ्यासमोर करायचा. आणि उद्या डॉक्टरकडे जायचं. कबूल?"

बाबा कुरकुरतच उठले. तेलात लसूण पडला.

"कसला वास येतोय?"

"लसणाचा."

"लसूण टाकल्यावर लसणाचाच येणार! कच्चा की गोड?"

तिने डोळे मिटले. "तिखट आहे. नाकात चढतोय."

"म्हणजे कच्चा. थांब जरा." ते थांबले. "आता?"

"आता भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा."

त्यांनी पालक टाकला. कढई चरचरली. "आता सांग."

"आधी ओल्या गवताचा येत होता. तो गेला. आता गोडसर, उकडलेल्या मक्यासारखा. खाली लसूण आहेच."

बाबांचा हात थांबला. क्षणभर त्यांना वास आला. नाकाला नव्हे, तिच्या बोलण्यातून आला, पण लख्ख आला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"झालं का, बाबा?"

"मला काय विचारतेस? तू सांग."

सुनेने कढईवर वाकून लांब श्वास घेतला.

"झालं," ती म्हणाली, आणि बाबांनी गॅस बंद केला.