बरे झालेल्यांची रांग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर बरे झालेल्यांची रांग होती आणि पाणीवाले महाराज एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून गरजत होते, "काय प्यायलात?"

"तुमचं पाणी!"

"जे जे बरे झाले, ते ते माझं पाणी प्यायले! तुम्हीही प्या, तुम्हीही बरे व्हाल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी बसलेल्या माझ्या ताईनेही टाळ्या वाजवल्या. हात उचलताना तिला कळ आली. तिच्या छातीतली गाठ लगेच काढा, असं डॉक्टरांनी सांगून आठ महिने झाले होते. तिने ऑपरेशन टाळलं आणि हे पाणी धरलं.

मी स्पर्धा परीक्षांच्या वर्गात तर्काची गणितं शिकवतो. असला निष्कर्ष कुणी काढला, की सरळ फुली मारतो. घरी ताईलाही वर्तुळं काढून दाखवली होती. "बरे झालेले सगळे पाणी प्यायले, मान्य. पण प्यायलेले सगळे बरे झाले, असं कुठे ठरतं?"

"तुझी गणितं तुझ्यापाशी ठेव. मला जगायचंय रे!"

त्या दिवशी मात्र मी भर सभेत उभा राहिलो. "महाराज, पाणी पिऊनही जे गेले, ते कुठे आहेत?"

"त्यांची श्रद्धा कमी पडली!"

मागून आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या काकू उठल्या. "आमचे हे वर्षभर प्यायले. खंगले, तेव्हा तुमच्याच माणसांनी दारातून परत पाठवलं. म्हणे, असं रूप घेऊन सभेत यायचं नाही."

मग एक पोस्टमन उठला. त्याची मुलगी गेली होती. बघता बघता अकरा जण उभे राहिले. रांगेतला एक म्हातारा चाचरत म्हणाला, "माझं तर ऑपरेशन झालंय. पण ते सांगू नका, असं यांच्या माणसांनी बजावलं."

चमत्कार एवढाच होता. जगले ते व्यासपीठावर, बाकीचे दाराबाहेर.

"उद्या दवाखान्यात नेशील?" ताईने विचारलं.

नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला. "फार उशीर केलात."

शेवटच्या आठवड्यात ताई म्हणाली, "आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली ना, त्याची भीती वाटायची मला." आठ महिने मी तिला चुका दाखवत होतो. भीती कशाची वाटते, हे एकदाही विचारलं नाही.

कुणी बरा झालेला माणूस दाखवला, तर बाकीच्यांचं काय झालं ते जरूर विचारा. पण घरात कुणी असं पाणी पीत असेल, तर नुसता वाद जिंकू नका. जवळ बसा, ऐकून घ्या आणि हात धरून डॉक्टरांकडे न्या. आजच न्या.