मावशीचं कौतुकाचं पत्र

व्हिसा कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी काचेखालून कागद सरकवला, तेव्हा गोटीने आधी त्याची दुमडलेली कड बोटाने सरळ केली आणि मगच वाचायला घेतला. दोन वर्षं मावशीच्या दुकानात कपड्यांच्या कडा सरळ करून बोटांना तीच खोड लागली होती. गोटी हे नाव मावशीनेच ठेवलेलं. पोर साडेपाच फूट वाढली, नाव तेवढंच राहिलं.

अर्ज नामंजूर, असं वरच ठळक अक्षरांत होतं. शिक्षण संपल्यावर वर्षभर इथे नोकरी करायच्या परवान्याचा अर्ज. नोकरी तर हातात होती, जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधणाऱ्या कंपनीत, येत्या सोमवारपासून. फक्त परवाना यायचा होता. आता महिन्याभरात देश सोडायचा होता. कारण खाली एका ओळीत दिलं होतं: शिकत असताना विनापरवाना काम केलं.

"मी कुठेच काम केलेलं नाही," गोटी म्हणाली.

बाईंनी फाइलमधून एक कागद काढून काचेला लावला. मावशीचं पत्र होतं.

मावशीचं दुकान म्हणजे पँटी आखूड करणं, चेनी बदलणं, उसवलेलं शिवणं. दुकान खाली, घर वर. गोटी राहायला आली त्याच शनिवारी काउंटरमागे उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. आईने तिला निघताना दोनच गोष्टी बजावल्या होत्या: पासपोर्ट जिवापाड जप, आणि कुणाच्या घरी आयतं बसून खाऊ नकोस. पहिली तिने पाळली. दुसरी जरा जास्तच पाळली.

तिच्या वर्गातली मुलं हॉटेलांच्या मोरीत चोरून भांडी घासायची. गोटीलाही बोलावणं यायचं. "आपण नाही बाबा त्या भानगडीत पडणार, व्हिसा जाईल," असं म्हणून ती घरी यायची आणि संध्याकाळभर मावशीच्या दुकानातल्या पँटींना टीप मारायची. त्या मुलांचे परवाने केव्हाच आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण त्या संन्याशाने निदान दोरी तरी स्वतः वळली नव्हती.

गोटीने मात्र स्वतःची दोरी स्वतःच वळली होती. अर्जासोबत, ज्यांच्याकडे राहता त्यांचं पत्र जोडा, असं होतं. मुलगी माझ्याकडे राहते, तिचं खाणंपिणं मी बघते, एवढ्या दोन ओळींचं काम. मावशीला इथली भाषा गिऱ्हाइकापुरतीच येते, म्हणून तिने मराठीत लिहिलं आणि भाषांतर गोटीने केलं. मावशी दोन ओळींवर थांबली नव्हती. 'पोर गुणाची आहे,' तिने पुढे लिहिलं होतं. 'शनिवार-रविवार दुकान एकटी सांभाळते, म्हणून मला घटकाभर पाठ टेकता येते. ती नसती तर मला माणूस ठेवावा लागला असता.'

त्यांच्या घराण्यात पोरांचं तोंडावर कौतुक करत नसत. शेफारतात म्हणून. पहिला नंबर आला तरी "बरं, आता जेवून घे," एवढंच. आणि इथे मावशीने चक्क लेखी दिलं होतं! गोटीने त्या ओळी तीनतीनदा वाचल्या. गाळता आल्या असत्या. पण तिला त्या इतक्या आवडल्या, की एकही शब्द न सोडता तिने त्या उतरवल्या.

"मी पगार घेतला नाही," गोटी म्हणाली.

"पगाराचा प्रश्न नाही. त्या स्वतःच म्हणतात, नाहीतर माणूस ठेवावा लागला असता."

"त्या माझ्या मावशी आहेत."

"हो," बाई म्हणाल्या, "तेही लिहिलंय त्यांनी." आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर बाकावर बसून गोटीने रडू येईल म्हणून थोडी वाट पाहिली. आलं नाही. समोर एक माणूस चालला होता, त्याच्या पँटचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर लांब होता, हे तिला दिसलं. बाकी काहीच वाटत नव्हतं. याचीच तिला थोडी लाज वाटली. मग बस आली आणि ती चढली.

मावशी ओठांत टाचण्या धरून मशीनवर वाकली होती. "झालं का गं?" तिने तशाच तोंडाने विचारलं.

"नाही. नाकारला."

मावशीने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "का?"

कागद पिशवीतच होता. "यंदा जागा कमी आहेत म्हणे."

"मेल्यांना माणसाची पारखच नाही." मावशीने टाचण्यांची उशी बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "माझं पत्र कमी पडलं का गं? मला कुठे तसलं लिहिता येतं. अजून एक देऊ का? तू रोज संध्याकाळीही बसतेस, ते लिहायचं राहूनच गेलं."

"नको मावशी. पत्र खूप चांगलं होतं."

दाराची घंटी वाजली. एक बाई कोट घेऊन आत आली. गोटी सवयीने उठायला लागली, तर मावशीने तिला खांदा दाबून बसवलं. "आज तू बस. मी बघते." गुडघ्यावर हात टेकत ती काउंटरमागे गेली आणि पावतीपुस्तक शोधायला लागली. एक खण उघडला, दुसरा उघडला. रोज सकाळी गोटीच ते काउंटरवर काढून ठेवायची, म्हणून दोन वर्षांत मावशीला ते कधी शोधावं लागलं नव्हतं.

"आता माणूस ठेवावा लागणार," खणात हात घालून ती स्वतःशीच म्हणाली.

गोटी उठली, आणि तिने खालच्या फळीवरून पावतीपुस्तक काढून दिलं.