समुद्राच्या आड आलेला कंटेनर

मी एक जुना कंटेनर आहे. जहाजावरून माल नेतात ना, तो. अंगाने पत्र्याचा, रंगाने कधीकाळी लाल, आता निम्मा गंजाचा. मित्रांनो, खरं तर आज बोलायची पाळी माझी नव्हती, झाडांची होती. पण ती झाडं मारली गेली. मेलेल्यांना बोलता येत नाही, म्हणून मी बोलतो. गोड बोलता मला येत नाही, एवढं आधीच सांगतो.

माझा जन्म एका बंदराजवळच्या कारखान्यात झाला. ठिणग्यांच्या उजेडात मला जोडलं, दारांना रबर लावलं आणि जहाजावर चढवलं. माझ्या पोटातून पंखे गेले, बूट गेले, श्रीमंतांच्या न्हाणीघरांच्या फरश्या गेल्या. वादळात माझ्यात पाण्याचा थेंब शिरला नाही. क्रेनवाले पाठीवर थाप मारून म्हणत, "हा गडी माल भिजू देत नाही!" मग एका बंदरात साखळी तुटून मी आपटलो आणि माझी एक कड चेपली. चेपलेल्याला समुद्रावर कोण विचारतो? सिडनीच्या उत्तरेला एका वखारीच्या मागे मला टाकून दिलं. माझ्यात गवत उगवलं, सरडे राहायला आले. तेही बरंच होतं म्हणायचं.

एक दिवस पालिकेची क्रेन आली आणि तिने मला ऑस्प्रे पॉइंट नावाच्या समुद्रकाठच्या वस्तीत, एका उतारावर आणून उभं केलं. तिथला रस्ता बड्या लोकांचा. तिथे घर घ्यायला येणारा माणूस घर बघत नाही, खिडकी बघतो. खिडकीतून समुद्र किती दिसतो, यावर घराची किंमत. मिस्टर रॅथबोन यांचं घर तर तीन मजली, पुढून सगळं काचेचं. पण घर आणि समुद्र यांच्यामध्ये, सरकारी उतारावर, बँक्सियाची जुनी झाडं होती. एका वसंतात ती अचानक तपकिरी पडली. बुंध्यांत बोटभर रुंदीची भोकं सापडली आणि भोकांत विष. किडीला ड्रिल मशीन चालवता येत नाही, मित्रांनो. पण प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार मिळाला नाही.

अशा वेळी तिकडच्या पालिका एक काम करतात. झाडं मेली त्याच जागी कंटेनर ठेवायचा, त्यावर फलक लावायचा, "इथली झाडं विष घालून मारली आहेत", आणि शेजारी नवी रोपं लावायची. रोपं कंटेनरच्या डोक्यावर जाईपर्यंत कंटेनर हलत नाही. ज्याला समुद्र हवा होता, त्याला माझं तोंड मिळालं. माझ्यावर अंडी फुटली, रंग उडाले, शिव्या पडल्या. मला लाज वाटली नाही. मी कोणाला मारलं नव्हतं.

शेवटी रॅथबोननी घर विकायला काढलं. दर शनिवारी ब्रोडी नावाचा दलाल गिऱ्हाइकं आणायचा. लोक हॉलमध्ये "वा!" म्हणायचे, गच्चीवर येऊन मला पाहायचे आणि चहा अर्धा टाकून निघायचे. किंमत घसरत गेली. एरवी ज्याने त्या रस्त्यावर गाडीसुद्धा वळवली नसती, असं एक म्हातारं जोडपं त्यामुळेच आलं. थानासी आणि देस्पिना. किनाऱ्यापासून दूर आत, धुळीच्या गावात, त्यांचं तळलेल्या मासळीचं दुकान होतं. अख्खा जन्म बिनखिडकीच्या भटारखान्यात गेला. थानासी ग्रीसच्या बेटावर जन्मलेला, आणि आता त्याचं हृदय दुबळं झालं होतं. त्याची एकच इच्छा होती, अंथरुणात डोळे उघडले की समोर समुद्र दिसावा.

"हे काय ध्यान आहे?" देस्पिनाने गच्चीवरून माझ्याकडे बोट केलं.

"तात्पुरतं आहे हो," ब्रोडी हसला. "नजरेआड करा."

"एवढं मोठं नजरेआड करायचं तर डोळेच काढून ठेवावे लागतील," थानासी म्हणाला.

देस्पिनाने फलक वाचला. "कोणी मारली झाडं?"

"तसं सिद्ध काही झालं नाही."

"सिद्ध नाही विचारलं मी. कोणी मारली?"

ब्रोडीने घड्याळ पाहिलं. मग थानासीच्या जवळ सरकून हळूच म्हणाला, "काही वर्षांची गोष्ट आहे. एकदा हा डबा उचलला की मग झाडांचं काय... वारा असतो, कीड असते. कधी काय होईल, सांगता येत नाही."

थानासीने मान उंचावून माझ्या पलीकडे पाहिलं. मित्रांनो, त्या पाहण्याची मला भीती वाटली. भल्या माणसाला समुद्र किती हवासा वाटतो, ते मी पाहिलं होतं.

दोघं उतारावर आली. थानासीने माझ्या पत्र्यावर हात टेकून दम घेतला.

"चल, दुसरीकडे बघू," देस्पिना म्हणाली. "मागितला समुद्र, नशिबी आला पत्रा."

"दुसरीकडे आपल्याला कोण उभं करतंय? ही रोपं वाढायला किती वर्षं लागतील गं?"

"तुझ्या डॉक्टरला विचार."

"नको, रोपवाटिकेवाल्याला विचारू. तो जरा आशेने बोलतो."

"आणि तो दलाल म्हणाला, ते?"

थानासीने एका रोपाचं पान चिमटीत धरलं. "जन्मभर मासे तळले आपण. शिळं तेल कधी वापरलं? मग आता म्हातारपणी कशाला?"

त्यांनी घर घेतलं. रोज सकाळी काचेतून तो मला म्हणायचा, "काय रे डब्या, आहेस का?" तिकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो, आणि त्या वर्षी तर उन्हाने कहर केला. रोपं माना टाकू लागली. थानासी घरापासून लांब नळी ओढत खाली यायचा.

"डॉक्टरने वजन उचलू नको म्हटलंय ना!" देस्पिना वरून ओरडायची.

"नळी उचलतोय बाई, म्हैस नाही!"

शेजारीण एकदा कुत्र्याला फिरवताना थांबली. "स्वतःच्याच हाताने स्वतःचा समुद्र झाकताय? वेडे आहात का हो?"

"आहे. बाजूला व्हा, पाय भिजतील."

एक रोप तरीही गेलं. तो दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यात त्याने नवं लावलं. मग काही वर्षांनी त्याच्या हृदयाने पुन्हा दगा दिला. इस्पितळातून आला तो वरच्या खोलीत अंथरुणालाच खिळला. नळी देस्पिनाच्या हाती आली. सकाळी खिडकी उघडी असली की मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"कुठवर आलीत?"

"डब्याच्या खांद्यापर्यंत."

"कालही खांदाच म्हणालीस!"

"झाड आहे ते, थानासी. तुझ्या कढईतलं तेल नाही लगेच वर यायला."

त्याच्याकडे दिवस थोडे होते आणि झाडांना घाई नव्हती. मी लोखंडाचा. पण त्या दिवसांत मला बुटकं व्हावंसं वाटायचं.

अखेर शेंडे माझ्या वर गेले. पालिकेची माणसं फूटपट्टी लावून गेली आणि क्रेन आली. साखळ्या ताणल्या, मी हवेत उचललो गेलो. पहिल्यांदाच मला वरची खोली आणि समुद्र दोन्ही एकदम दिसले. देस्पिनाने त्याला उशीला टेकवून बसवलं होतं. जिथे मी होतो, तिथे आता बँक्सियाच्या फांद्या हलत होत्या, आणि फांद्यांमधून निळे तुकडे चमकत होते.

"तुकड्या-तुकड्यात दिसतोय रे," देस्पिना म्हणाली. "पुरे का?"

थानासीने उशीवरून मान पुढे केली. "अख्खा घेऊन काय करू? मला काय त्यात जहाज चालवायचंय? आणि ए, त्या लोकांना सांग, डब्याला जपून न्या म्हणावं. इतकी वर्षं शेजारी होता."

आयुष्यात माझी एवढी स्तुती कोणी केली नव्हती.

मला वाटलं, आता वखार, सरडे आणि सुखाने गंजणं. पण ट्रक वखारीकडे वळलाच नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन दुसऱ्याच एका उतारावर थांबला. तिथेही मागे काचेची घरं होती. पुढे वाळलेले बुंधे होते, आणि बुंध्यांत बोटभर रुंदीची भोकं. माझ्या अंगावर नवा कोरा फलक चढवला. मी आत्ता तिथूनच बोलतोय.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, समुद्राकाठी घर बघायला जाल. जरूर जा. पण खिडकीतून बाहेर पाहण्याआधी, खिडकीसमोर आधी काय उभं होतं, तेवढं विचारा. आणि जे उभं असेल त्याला पाणी घाला. मला जपू नका, रंग देऊ नका, हार घालू नका. मला फक्त बेकार करा.