अंडं भाजण्याइतका वेळ

यरोहामचा हात यरुशलेमच्या त्या गल्लीत नावाजलेला. चामड्याच्या तावावर तो तोराची, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाची, अक्षरं अशी काढायचा की म्हातारी माणसं चष्मा पुसून पुन्हा बघायची. पण त्याचे कान! ते मेले भलत्याच कामाला लागलेले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला असाएलचं पुस्तकबांधणीचं तळघर होतं आणि यरोहामची बायको तिरझा तिथे जुन्या प्रार्थनापुस्तकांची शिवण करायला जायची. ती तिथे हसली की ह्याला इथे ऐकू यायचं. खरंच ऐकू यायचं की ह्याच्या डोक्यातच वाजायचं, देव जाणे.

असाएलची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. माणूस दिसायला काही फार नव्हता. टक्कल, सुटलेलं पोट, बोटांना कायम सरसाचा वास. पण तोंड उघडलं की समोरचा हसलाच पाहिजे. तिरझा घरी जेवायला बसली की तिच्या तोंडी त्याचीच वाक्यं, ‘असाएल म्हणतो’, ‘असाएल म्हणतो’. पंधरा वर्षांच्या संसारात तिनं कधी कुणाला ‘यरोहाम म्हणतो’ असं सांगितलं असेल का? हे त्याला आतून कुरतडत होतं.

त्या शुक्रवारी सकाळी लिहिता लिहिता तो नेमका तोरातल्या मत्सराच्या कायद्यावर आला होता. नवऱ्याच्या मनात बायकोविषयी संशय शिरला, तर त्यानं तिला याजकापुढे, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यापुढे, उभं करायचं. याजकानं शाप लिहायचे, ती अक्षरं देवाच्या नावासकट पाण्यात धुवायची आणि ते कडू पाणी तिला पाजायचं. दोषी असेल तर पोट फुगेल, नसेल तर सुखरूप घरी येईल. खोलीत आणखी दोघं होते. एक म्हातारा पंडित रेब एलकाना, जो यरोहामनं लिहिलेलं अक्षर न् अक्षर तपासायचा. दुसरा जखऱ्या, शाईची बाटली द्यायला आलेला आणि चहाच्या आशेनं चिकटून बसलेला.

तिरझा चहाचे पेले ठेवताना तावावर वाकली. "संशय ह्याला आणि घोट तिला? त्यालाही द्यायचा की एक पेला!"

"देवाचा शब्द आहे तो," यरोहाम मान वर न करता म्हणाला. "पटो न पटो, मान द्यायचा."

"मान कसला? उद्या शेजारच्यानं बायकोला असलं काही पाजलं तर तूच पोलीस बोलावशील. जुनं झालं म्हणून ते पवित्र का रे?"

"पोरी, नीट बघ," एलकाना म्हणाला. "त्या काळात संशय आला की नवरा सरळ गळा दाबायचा. ह्या कायद्यानं त्याचा हात धरला. तू कोण न्याय करणारा, चल याजकाकडे, असं बजावलं. आणि नवराबायकोत समेट व्हावा म्हणून देवानं स्वतःचं नाव पुसू दिलं. ही काय लहान गोष्ट झाली? पुढे आपल्या पंडितांनी ते पाणीच बंद केलं. दोन हजार वर्षांत कुणी एक थेंब प्यायला नाही."

"मग अजून लिहिता कशाला?" तिरझा हसली. "असाएल म्हणतो, ते पाणी नवऱ्यांना पाजायचं ठरलं असतं तर मंदिराची विहीर चार दिवसांत आटली असती."

जखऱ्या खो खो हसला. एलकानालासुद्धा हसता हसता ठसका लागला. तिरझा मान मागे टाकून हसत होती आणि यरोहामच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरात, माझ्या तावासमोर, त्याचा विनोद! त्यानं हातातला शब्द कसाबसा पुरा केला आणि लेखणी खाली आपटली.

"पुरे झालं! ह्यापुढे असाएलबरोबर एकांतात बसायचं नाही. सांगून ठेवतो!"

जखऱ्याचं हसू तोंडातच राहिलं.

इतर कुठे हे नवऱ्याचं साधं खेकसणं झालं असतं. पण ह्या कर्मठ यहुदी लोकांत नवरा थट्टेतही असं बोलत नाही. त्या परपुरुषाचं नाव घेऊन, दोन साक्षीदारांदेखत हे वाक्य बोललं गेलं, की कायदा जागा होतो. त्यानंतर ती बाई त्या माणसाबरोबर बंद दाराआड गेलेली दिसली, तेही दोघांना, आणि तेही एक अंडं भाजून गिळायला लागतो तेवढाच वेळ, तरी ती नवऱ्याला वर्ज्य. पूर्वी कडू पाणी तिला सोडवायचं. आता मंदिर नाही, याजक नाही, पाणी नाही. म्हणजे ती निर्दोष असली तरी कायमची वर्ज्य. घटस्फोट, दुसरं काही नाही.

"नाव घेऊन बोललास," तिरझा हळू आवाजात म्हणाली. "आणि दोघं ऐकताहेत." तिनं डोक्याचा रुमाल घट्ट बांधला, पुस्तकांची पिशवी उचलली आणि कामाला निघून गेली. सूर्यास्ताला शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत ती पुस्तकं प्रार्थनाघरात पोचवायची होती.

मग यरोहामच्या तोंडचं पाणी पळालं. असाएलची मावशी दिवसभर त्या तळघरात विणत बसायची, म्हणून तर तिरझाचं तिथे जाणं रीतीला धरून होतं. पण मावशी कालच बहिणीकडे गेली होती. आणि असल्या थंडीत सरस गोठतो म्हणून असाएल दार लावून घ्यायचा.

"चला, चला माझ्याबरोबर!" तो दोघांना म्हणाला. "तिला अडवू या!"

जखऱ्या उठलाही. एलकानानं त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. "अरे गाढवा," तो यरोहामवर ओरडला, "आम्ही आलो आणि दार बंद दिसलं तर? ऐकणारे साक्षीदार झाले, आता बघणारेही तूच हातानं घेऊन चाललास!"

"मग करू काय?"

"इथंच उभ्या उभ्या म्हण, माझा शब्द मागे घेतला. ती आत जायच्या आधी म्हटलंस की संपलं. कायद्यानं तेवढी वाट ठेवलीय."

एवढंच तर म्हणायचं होतं. पण यरोहामच्या डोळ्यांपुढे असाएलचं ते पोट आलं, हसून गदगदणारं. "मी मागे घेऊ? आणि तो तिकडे दात काढत बसणार?"

"तुला बायको हवी का त्या टकल्याला हरवायचंय? एकदा ठरव काय ते!"

यरोहाम धावत सुटला.

शुक्रवारची गल्ली माणसांनी फुललेली. ताज्या पावांचा वास, कोंबड्या घेऊन घाईनं चाललेल्या बायका. हा सगळ्यांना धक्के देत पळत होता आणि डोक्यात अंडं तडतडत होतं. आता फोडलं असेल. आता पांढरं धरलं असेल. आणि खरं सांगायचं तर पळताना त्याच्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, असू दे दार बंद. एकदाचं कळू दे. स्वतःचाच हा विचार ऐकून त्याला स्वतःची किळस आली, पण विचार काही थांबला नाही.

तळघराचं दार बंद होतं.

मग त्याला दाराबाहेर, पायऱ्यांच्या कोपऱ्यात तिरझा दिसली. मांडीवर पुस्तक घेऊन ती शिवत होती. थंडीनं बोटं निळी पडली होती. आतून असाएलच्या हातोडीची ठकठक येत होती.

"अंडं केव्हाच करपलं," ती वर न बघता म्हणाली.

"तू बाहेर कशी?"

"मावशी नसल्या की मी इथंच बसते. मागच्या हिवाळ्यातही बसत होते. तू कधी बघायला आला नाहीस, नुसता घरी बसून ऐकत राहिलास."

"मागे घेतो, तिरझा. माझा शब्द मागे घेतला."

"दोघांदेखत बोललास. दोघांदेखत मागे घे."

"कायद्याला तेवढं लागत नाही गं."

"मला लागतं." तिनं दोरा दातानं तोडला. "सकाळी म्हटलं तेच आताही म्हणते, तो कायदा निष्ठुर आहे. पण त्याला निदान दोन साक्षीदार तरी लागतात. तुला माझं हसूसुद्धा पुरतं."

दोघं घरी आले. एलकाना आणि जखऱ्या तसेच बसले होते, चहा निवलेला. यरोहामनं उभं राहून, शाळकरी पोरासारखं, आपला शब्द मागे घेतला. जखऱ्या खिडकीबाहेर बघत राहिला. एलकानानं मान डोलावली आणि तावाच्या शेवटच्या ओळीवर बोट धरलं.

"हे देवाचं नाव. मघाशी तिकडे हसणं चाललं होतं तेव्हाचं. लिहिण्याआधी ‘नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो’ असं तोंडानं म्हटलं होतंस ना?"

तीन आठवड्यांचं काम होतं ते. आणि म्हटलं की नाही, हे यरोहामशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. एक ‘हो’ म्हटलं की ताव वाचत होता. त्यानं तिरझाकडे पाहिलं.

"नाही म्हटलं," तो म्हणाला. "कान तिच्या हसण्याकडे होते. मन त्या असाएलकडे."

एलकानानं तावाची गुंडाळी केली. तसं न म्हणता लिहिलेलं नाव बाद, पण ते खरवडायचं नाही, फाडायचं नाही. ताव दफनभूमीत पुरायला ठेवायचा. गुंडाळी काखेत घेऊन तो निघाला आणि त्याच्यामागून जखऱ्या. शाईचे पैसे मागायचंही त्याला भान राहिलं नाही.

यरोहाम रिकाम्या मेजाकडे बघत बसला. तिरझानं चुलीवर तवा ठेवला आणि त्यात अंडं फोडलं.

"रविवारी मावशी येतील. मी कामाला जाणार आहे."

तेवढ्यात गल्लीच्या त्या टोकाकडून असाएलचं हसणं आलं, मोठं, पोटातून. यरोहामच्या छातीत पुन्हा तीच आग उठली, जरासुद्धा कमी नाही. त्यानं तोंड उघडलं. तिरझा हातातलं उलथनं तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"मीठ," तो म्हणाला, "मीठ जरा बेतानं घाल."