बुडवू नको, वाचवूबी नको

जालन्याच्या स्टील मिलमधल्या परमेश्वरचा लाडका इंग्लिश फुटबॉल क्लब वरच्या लीगमधून खाली घसरायच्या बेतात होता. परमेश्वर देवीला नवस बोलला, “टीम वाचेपर्यंत तंबाखू बंद!”

त्याची बायको वर्षाराणी हरखली. पण टीम बुडाली, तर हा बाबा दुःखानं दुप्पट खाणार! म्हणून तीही रोज हात जोडायची, “आई, टीम बुडवू नको, पण इतक्यात वाचवूबी नको!”

देवीनं हंगामभर बराबर ऐकलं. शेवटच्या मॅचला मात्र मेल्या खेळाडूंनी बरोबरी साधून लागणारा एक गुण मिळवला अन् टीम वाचली. परमेश्वरनं नाचत नाचत पुडी काढली.

“पुढची मॅच कधी?” वर्षाराणीनं विचारलं.

“ऑगस्टात. सगळ्या टीमा परत शून्यावर.”

“मंग शून्यावरली टीम वाचली कुठं? आणा ती पुडी इकडं!”