पुठ्ठ्याखालचं पान

वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला मोठ्याने वाचायचा नादच लागला होता. दुकानांच्या पाट्यासुद्धा मी आवाजात चढउतार करत वाचायचे! त्यामुळे जे झालं ते माझ्याच तोंडून झालं.

बाबा पुस्तकं बांधतात. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी एक फाटकं पुस्तक बांधायला टाकलं आणि न्यायला फिरकलंच नाही. ग्रीक तत्त्वज्ञ पिऱ्होच्या शिकवणुकीचं जुनं मराठी भाषांतर. त्यात बाबांना 'उपेक्षा', 'तृष्णा', 'मध्यम मार्ग' असे बौद्ध शब्द दिसले आणि झालं! पिऱ्हो सिकंदराबरोबर भारतात आला, साधूंना भेटला, बुद्धाचे शब्दच घेऊन परतला, असं त्यांनी चारशे पानं लिहून काढलं. आई त्यांना 'पुठ्ठेपंडित' म्हणायची. पण कॉलेजात शनिवारी त्यांना ते वाचायला बोलावलं, तेव्हा सदऱ्याला इस्त्री तिनेच केली.

शुक्रवारी बाबा म्हणाले, "पुस्तक उद्या दाखवावं लागेल. नवा पुठ्ठा घालू."

जुना पुठ्ठा ओला करून मी सोलला, तर खाली चिकटलेलं छापील पान!

"बाबा, प्रस्तावना! अजून एक पुरावा!" मी स्टुलावर चढले. "'मूळ ग्रीक शब्दांना आपल्याकडे प्रतिशब्द मिळेनात. म्हणून मी सरसकट बौद्ध ग्रंथांतले शब्द योजले आहेत. वाचकांनी त्यावरून...'"

'त्यावरून'ला आवाज छान चढला होता. तिथेच अडकला.

"पुढे वाच."

"'...भलता अर्थ काढू नये.'"

खळीचा ब्रश बाबांच्या हातातच राहिला. "तेव्हा बांधताना मीच चिकटवलं असणार. एका बाजूने कोरं होतं, मला वाटलं अस्तराचा कागद."

"पण पिऱ्हो साधूंना भेटला, ते तर खरं ना?"

"भेटला असेल गं. काय शिकला, ते मी ह्या शब्दांवरून सांगत होतो."

आई दारात उभी होती. तिने टोमणा मारला नाही. तेच मला सहन होईना.

बाबांनी ते पान जागच्या जागी शिवलं. मग स्वतःची चारशे पानं ओढून पट्ट्या कापायला घेतल्या. वह्या बांधताना पाठीला आतून रद्दीच्या पट्ट्या लागतातच.

"बाबा, नका ना," मी म्हणाले. इतका बारीक आवाज मला काढता येतो, हे मलाच माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या शाळेचे हजेरीपट त्याच पट्ट्या लावून बांधून गेले. बाईंनी नवाकोरा हजेरीपट उघडला, पाठ कुरकुरली. माझा नंबर आला. मी "हजर" म्हटलं, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. बाईंनी गैरहजेरी लावली.